तांदुळज्याचा भाऊबंद

गेल्या श्रावणापर्यंत आमच्या गल्लीत भाजीची पिशवी घेऊन कुणालाही सरळ घरी जाता येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच रंगनाथ बप्पांचं घर. बप्पा ओट्यावर बसलेले असायचे, आणि हातात पिशवी दिसली की बसल्या जागेवरून हुकूम यायचा, "थांबा. उघडा."

पिशवीत कोबी, बटाटे, फ्लॉवर असलं तर ते हातानं 'जा' अशी खूण करायचे. बाजारच्या भाजीत त्यांना काडीचा रस नव्हता. "कोबी माणसाला मारत न्हाई," ते म्हणायचे, "निस्ता कंटाळा आणती." पण पिशवीतून रानातलं एखादं पान डोकावलं, बांधावरचा तांदुळजा, घोळ, तरोटा, पाथरी असलं काही, की बप्पा ओट्यावरून खाली उतरत. जुडी सोडत. एकेक काडी उजेडाकडं धरत, मोडून बघत, पान चोळून हुंगत. तोवर पिशवीच्या मालकिणीनं उन्हात उभं राहायचं. घाई आहे, गॅसवर वरण आहे, पोरगं रडतंय, यातलं काही चालत नसे. सगळी जुडी तपासून झाली की ती पुन्हा बांधून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "खा. मी हाय."

बायकांनी त्यांचं नाव तपासनाका ठेवलं होतं. बप्पांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की त्यांना ते आवडतही होतं.

आमचं गाव वडवणी. माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, आणि घर बप्पांच्या घराला लागून. मधली भिंत एकच. बप्पा मला नावानं कधी हाक मारत नाहीत. 'झेरॉक्स' म्हणतात. तुमचा धंदाच भाऊबंदांचा आहे, अस्सल कागद ठेवून घेता आणि त्याच्यासारखा दिसणारा हातात देता, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं.

हे भाऊबंदांचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय बप्पा समजायचे नाहीत. त्यांच्या मते रानातल्या प्रत्येक चांगल्या भाजीला एक भाऊबंद असतो. तोच चेहरा, तीच उंची, उगवतो पण शेजारीच, त्याच बांधावर. घोळीचा भाऊबंद म्हणजे दुधी नावाचं तण. काडी मोडली की पांढरा चीक येतो. तरोट्याचा भाऊबंद कासोदा. तरोट्याचं पान टोकाला गोल, याचं टोकदार. तांदुळजा कोवळा असताना त्याचा भाऊबंद धोतरा. तांदुळज्याच्या पानाला शेंड्यावर बारीकशी खाच असते, धोतऱ्याला नसते. "तोंड आपलंच, पोटात दुसरं," बप्पा सांगत. "बांधावरून माणसाला माणूस मारतो त्यो बी भाऊबंदच असतो का न्हाई? मग पाल्याला का येगळा कायदा?" आमच्या भागात जमिनीची भांडणं नसलेलं घर विरळाच, त्यामुळं हा मुद्दा ऐकणाऱ्याला लगेच पटायचा. झाडं लक्षात राहायची नाहीत, पण चुलतभाऊ आठवायचा.

ही विद्या बप्पांनी जनावरांकडून घेतली. उभी नोकरी त्यांनी गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून काढली. चरून आलेली गाय फेस गाळत दाराशी आडवी व्हायची, मालक छाती बडवत यायचा, डॉक्टर सलाईन लावायचे; आणि गाईनं नेमकं काय खाल्लं हे शोधायला बप्पा बांधाबांधानं तिच्या चरण्याच्या वाटेनं उलटे चालत जायचे. गाय सांगत नाही, म्हणून पाल्याला बोलतं करावं लागतं, असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर गाई यायच्या बंद झाल्या. मग बप्पा माणसांकडं वळले. पद्धत मात्र त्यांनी बदलली नाही.

मला एकदा ताप आला होता. बप्पा बघायला आले. माझा कान धरून गार आहे का गरम ते पाहिलं, खालची पापणी ओढली, पोटावर डाव्या अंगाला तीन बोटांनी ठोकलं आणि माझ्या बायकोला, मंगलला, विचारलं, "कालपासनं पाण्याला तोंड लावलं का यानं?" मंगलनंही गंभीरपणे सांगितलं, सकाळी थोडं लावलं. डॉक्टरकडं नेऊ का म्हणाली, तर बप्पा म्हणाले न्यायला हरकत नाही, पण चालवत न्या, बसू देऊ नका.

माणसाच्या शरीररचनेबद्दल त्यांना एकूण कमीपणाच वाटायचा. "गाईला चार पोटं," ते म्हणत. "येक बिघडलं तर तीन हायेत. तुमाला येकच, आन् त्यात बी न बघता ढकलता." शेळी खाते ते माणसाला चालतं, असं कुणी म्हटलं तर चिडायचे. शेळी रुईसुद्धा खाते, मग रुईचं पिठलं करा, म्हणायचे.

बप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. अंगणात रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडून त्यांनी त्यात जोड्या लावल्या होत्या: एका बादलीत भाजी, शेजारच्या बादलीत तिचा भाऊबंद. घरी गेलेल्याला चहा मिळायचा, पण चहाच्या आधी परीक्षा. दोन पानं पुढं धरायची आणि विचारायचं, यातलं कुठलं खाल? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बराच विचार करून उजव्या हातातल्या पानावर बोट ठेवलं. बप्पांनी दोन्ही पानं खाली ठेवली आणि माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं.

"गेलात तुमी," ते म्हणाले. "तेरावं हितंच घालायचं का गावाकडं?"

मंगल मात्र पास झाली. तेव्हापासून आमच्या घरातल्या कुठल्याही वादात बप्पा तिच्या बाजूनं असतात.

एका वर्षी तालुक्याला रानभाज्यांचं प्रदर्शन भरलं. बायकांनी भाज्या रांधून आणायच्या आणि कुणीतरी जाणत्यानं चाखून नंबर काढायचे, असा बेत होता. जाणता म्हणून बप्पांना बोलावणं आलं. बप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून गेले. पहिल्या ताटासमोर उभे राहिले, चमचा उचलला आणि परत ठेवला. शिजल्यावर सगळा पाला सारखाच दिसतो. याच भाजीची कच्ची काडी मुळासकट दाखवा, मग चाखतो, असं म्हणाले. कच्ची काडी कुणीच आणलेली नव्हती. बप्पा हात मागं बांधून एकेका ताटापुढून सरकत गेले आणि शेवटी एका बाजरीच्या भाकरीला पहिला नंबर देऊन घरी आले. असं कावून केलंत, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, "तेवढीच वळखू आली."

पुन्हा काही त्यांना बोलावणं आलं नाही. बप्पांना त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यांची एकच मिजास होती, आणि ती ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे: आपली पारख आजपर्यंत चुकलेली नाही. त्यातही धोतऱ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. बाकीचे भाऊबंद एक वेळ फसवतील, पण धोतरा? पान चोळलं की वास नाकात जातो. "ज्याला नाक हाय त्यो माणूस धोतऱ्याला फसत न्हाई," हे वाक्य गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं. "आन् फसलो म्हणला तर समजायचं, त्यो फसवतोय."

आता गेल्या श्रावणातली गोष्ट.

बप्पांना पेपर वाचताना अक्षरं फिरायला लागली. त्यांनी ते मला भिंतीपलीकडून हळू आवाजात सांगितलं. डोळे दाखवायला बीडला जायचं, पण गल्लीत कुणाला कळता कामा नये. तपासणाऱ्याचेच डोळे गेले असं एकदा पसरलं की मग पिशवी कोण उघडणार? हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. म्हणून एका सोमवारी उजाडता उजाडता आम्ही दोघं निघालो. बप्पांनी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मी पुढं, ते मागं. एसटीत बसल्यावरच त्यांनी टॉवेल काढला.

बीडच्या डॉक्टरांनी बप्पांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बसवून ठेवलं, मग बराच वेळ आतून तपासलं. माझ्यासमोर सांगितलं की मोतीबिंदू नाही, पडदा नाही, काही नाही. या वयात इतके स्वच्छ डोळे कमी बघायला मिळतात. वाचायचा चष्मा तेवढा लावा. बप्पा इतके खूश झाले की त्यांनी डॉक्टरांना विचारलं, तुमच्या घरी कुठली भाजी खाता. थेंबांमुळं त्यांच्या बाहुल्या मांजरासारख्या मोठ्या झाल्या होत्या, उजेड सोसत नव्हता. मी माझा काळा चष्मा त्यांना दिला. येताना एसटीत तो लावून ते शेजारच्या अनोळखी प्रवाशाला स्वतःच्या नजरेबद्दल सांगत होते. समोर मात्र त्यांना तेव्हा काहीच नीट दिसत नव्हतं.

दुपारी गल्लीत शिरलो तर किसनराव तात्यांच्या दारात ही गर्दी.

किसनराव तात्या म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाचे. बऱ्यापैकी जमीन, कापूस-सोयाबीन, घरात तात्या, त्यांच्या पत्नी शेवंताबाई, टेम्पो चालवणारा मुलगा आणि उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून सुनंदा. सुनंदा सिरसाळ्याची. तिचे वडील तिथं अडतीच्या दुकानात हमाली करत. घर भर पेठेत. धान्याची पोती तिनं जन्मभर बघितली होती, पण धान्य जिथं येतं ते शेत कधी बघितलं नव्हतं. त्या सकाळी शेवंताबाईंनी तिला बांधावरून तांदुळजा आणायला पाठवलं होतं.

आम्ही आत गेलो तेव्हा तात्या खाटेवर बसून हवेतला कापूस वेचत होते. अगदी सराईतपणे, दोन बोटांनी बोंड धरायचं, ओढायचं आणि कमरेच्या नसलेल्या ओटीत टाकायचं. मधेच कुणा मजूर बाईला, नीट वेच, बोंडात कवडी ठेवू नकोस, म्हणून दम देत होते. शेवंताबाई लालबुंद चेहऱ्यानं कोपऱ्यात बसून भिंतीशी बोलत होत्या. भिंत म्हणजे त्यांची वारलेली बहीण, आणि विषय एका नथीचा होता. सुनंदा दाराला धरून उभी. मुलगा टेम्पो घेऊन बाहेरगावी. लोक म्हणत होते, अंगात आलंय, बाहेरचं आहे, देवऋषी बोलवा.

बप्पांनी काळा चष्मा तसाच ठेवून तात्यांची पापणी ओढली. मग शेवंताबाईंची. त्यांना किती दिसलं असेल देव जाणे. दुपारी काय जेवण झालं, म्हणून विचारलं. मग चाचपडत स्वयंपाकघरात गेले, निवडून टाकलेल्या काड्यांच्या ढिगापाशी उकिडवे बसले आणि एकेक काडी चोळून नाकाशी न्यायला लागले. बऱ्याच काड्या बाजूला गेल्या. मग एक हातात राहिली.

"धोतरा," ते म्हणाले. "जीप काढा."

जीप आली. दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. तात्यांनी तिथं सलाईनच्या स्टँडला सरपंच समजून त्याच्याशी रस्त्याच्या कामावरून वाद घातला. दोन्ही म्हातारी माणसं तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन घरी आली. वेचलेला कापूस तात्यांना आठवत नव्हता, शेवंताबाईंना नथ आठवत होती. इतकंच होऊन हे संपलं असतं तर गल्लीला ते वर्षभर हसायला पुरलं असतं.

पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली होती. सुनंदानं ती भाजी खाल्लीच नव्हती. श्रावणी सोमवारचा तिला उपास होता. नवराही नेमका त्या दिवशी घरी नव्हता. जेवले ते फक्त सासू-सासरे. पहिल्या दिवशी हे कुणी बोललं नाही, दुसऱ्या दिवशी बायका नळावर बोलल्या, तिसऱ्या दिवशी शेवंताबाईंचे भाऊ केजहून आले.

या भावांना सगळे मामा म्हणतात. केजच्या राजकारणात थोडंफार वजन असलेले. पांढरेशुभ्र कपडे, बरोबर दोन माणसं. त्यांनी तात्यांच्या अंगणात बैठक बोलावली. सिरसाळ्याहून सुनंदाच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते येऊन जिथं चपला काढल्या होत्या तिथंच बसले. मामांचं म्हणणं सरळ होतं: एक तर पोलिसांत तक्रार करायची, नाहीतर बापानं पोरगी आत्ताच्या आत्ता घेऊन जायची.

तात्या खाली बघत होते. मुलगा बायकोकडं बघत नव्हता.

आदल्या संध्याकाळी मंगलनं मला एक गोष्ट सांगितली होती, आणि मी ती भिंतीपलीकडं बप्पांना सांगितली होती. सोमवारी सकाळी मंगल दारात सडा टाकत होती. तेव्हा तिनं सुनंदाला भाजीची पाटी घेऊन येताना पाहिलं. गल्लीचा रिवाज तिला कळलेला होता. ती बप्पांच्या रिकाम्या ओट्यासमोर थांबली. बराच वेळ पाटी घेऊन उभी राहिली. एकदा दाराची कडीही वाजवली. मग कुणीच नाही म्हटल्यावर घरी गेली. बीडचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मंगलनं तिला हाक मारली नव्हती. भिंतीपलीकडून नुसता भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला होता.

बैठकीत मामांनी बप्पांना मुद्दाम समोर बसवून घेतलं. गल्लीतला जाणता माणूस म्हणून.

"बप्पा," मामा म्हणाले, "तुमीच म्हणता ना, नाक असलेला माणूस धोतऱ्याला फसत न्हाई?"

"म्हणतो."

"आन् फसलो म्हणला तर त्यो फसवतोय?"

बप्पांनी मान हलवली.

"मग ह्या पोरीला नाक हाय का न्हाई, तेवढं सांगा. बाकीचं आमी बघतो."

सुनंदाच्या वडिलांनी टॉवेल तोंडाला लावला. बप्पांनी पाणी मागितलं. तांब्या तोंडाला न लावता वरून प्यायले, मिशा पुसल्या आणि तांब्या जपून खाली ठेवला.

"नाक हाय की," ते म्हणाले. "चांगलं हाय. म्हणून तर ती भाजी घेऊन माझ्याकडं आलती. वास येगळा येतोय म्हणली. मीच म्हणलं तिला, तांदुळजाच हाय, जा घेऊन."

मी मंगलकडं पाहिलं. ती बायकांत उभी होती. तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं.

मामांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमाला कळला न्हाई? बप्पा म्हणाले, डोळ्यांवर पडदा आलाय, बरेच दिवस झाले, कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काळा चष्मा लावून चाचपडत होतो ते बघितलंच की सगळ्यांनी. कुणीतरी मागून म्हणालं, सोमवारी सकाळी तर ओटा रिकामा होता. बप्पा म्हणाले, उजेड सोसत नव्हता, आतच पडलो होतो, दारातूनच पाटी बघितली.

"मग दवाखान्यात न्यायच्या येळी कावून बोलला न्हाईत?" मामांनी विचारलं.

"लाज वाटली," बप्पा म्हणाले.

त्यानंतर शेवंताबाई बोलल्या. त्या जे बोलल्या ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या उपसल्या आणि शेवटी आम्हालाच मसणात घालायला निघाला होता, हा त्याचा सारांश. बप्पा मान खाली घालून ऐकत होते, मधेमधे 'व्हय, चुकलंच' म्हणत होते. माणूस इतक्या वेळा चूक कबूल करायला लागला की भांडणाऱ्याला पुढं काय बोलावं सुचत नाही. शेवंताबाई थांबल्या. तात्या पहिल्यांदाच बोलले, की पोरीनं विचारून घेतलं होतं, अजून काय करायला पाहिजे होतं तिनं.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बप्पांकडं पाहिलं. ती काहीतरी सांगणार हे मला दिसलं; तोंड उघडलंही तिनं.

"पोरी," बप्पा मोठ्यानं म्हणाले, "च्या टाक सगळ्यांना. आधी मला दे."

ती तशीच उभी राहिली. मग आत गेली. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. ती ट्रे घेऊन आली तेव्हा कप एकमेकांवर वाजत होते. बप्पांनी कप उचलला आणि फुंकर न घालता गरमच प्यायले. मग तात्यांनी घेतला. मुलानं घेतला. मामांनी कप हातात घेऊन मोबाईल काढला आणि बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलले. येताना कप रिकामा होता. शेवंताबाईंनी चहा बशीत ओतला. बशीकडं बघत बसल्या. मग प्यायल्या, आणि साखर कमी पडल्याचं सुनेला सांगितलं. ते ऐकून सुनंदाचे वडील चपलांपासून उठून पुढं येऊन बसले.

सुनंदा गल्लीतच आहे. आता तिला साखरेचा अंदाज आला असावा.

बप्पांचा तपासनाका त्या दिवशी बंद झाला. पिशव्या ओट्यासमोरून बिनधास्त जाऊ लागल्या. बप्पा सुरुवातीला काही दिवस ओट्यावर बसत. कुणीतरी मुद्दाम थांबून विचारायचं, बप्पा, ही कोबीच आहे ना नक्की? बप्पा पिशवीकडं न बघता म्हणायचे, "असंल." मग ते ओट्यावर बसायचेच बंद झाले. अंगणातल्या बादल्या तशाच होत्या, पण आलेल्या माणसाची परीक्षा घेणं थांबलं. अर्थात माणसंही येईनाशी झाली. वाचायचा चष्मा मी बीडहून आणून दिला होता. तो ते घरातच लावत. पडदा आलेल्या माणसानं पेपर वाचताना दिसू नये, एवढी काळजी त्यांना घ्यावी लागत होती.

मला ते काही बरं वाटेना. मध्ये एकदा सकाळच्या वेळी मी त्यांच्याकडं गेलो. बप्पा चुलीपाशी बसून एकट्यापुरती भाजी निवडत होते. चष्मा नाकावर होता. मला बघून तो काढायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

मी विचारलं. म्हटलं, खरं सांगूनही भागलं असतं. पोरगी पेठेत वाढलेली, तिला बांध माहीत नाही, तिनं दार वाजवलं, तुम्ही बीडला होतात. यात तिचा गुन्हा कुठं होता? मी साक्षीला होतो, मंगल होती. तुमचं नाव घालवून घ्यायची काय गरज होती?

बप्पांनी हातातली काडी आधी निवडून घेतली.

"सुटली असती," ते म्हणाले. "पर तिला उद्या बी त्याच चुलीवर रांधायचं हाय, झेरॉक्स. पोरीला पाला वळखता येत न्हाई म्हणलं असतं, तर त्या घरात परत्येक घासाला लोकांनी तिच्या तोंडाकडं बघितलं असतं. जन्मभर. आता बघत न्हाईत." त्यांनी पानं पाण्यात टाकली. "माझं काय. माझ्या हातचं खायला हितं कोण बसलंय?"

हे त्यांनी रडवेल्या आवाजात वगैरे सांगितलं नाही. भाजीत मीठ किती घालू, असं विचारावं तसं सांगितलं, आणि पानं धुवायला लागले. दुकान उघडायची वेळ होत आली होती.

मग मी चपला काढल्या आणि चुलीसमोर मांडी घालून बसलो. म्हटलं, मंगल माहेरी गेलीय, आज मलाही वाढा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आमच्या कुकरची शिट्टी झाली, आणि पाठोपाठ मंगलचा आवाज आला. दूधवाल्याला ती पाणी घालण्यावरून झापत होती. बप्पांनी ऐकलं. माझ्याकडं एकदा चष्म्यावरून पाहिलं. मग उठले, फळीवरून दुसरं ताट काढलं, त्यावर धूळ बसली होती ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्यासमोर ठेवलं.